पोथी एक, वाचणारीं घरें दोन

(एका गांवच्या वाचनालयांत शेतकरी व कारागीर मंडळींपुढें झालेलें व्याख्यान)



आजचा विषय तुम्हांला फार लांबचा वाटेल. यहुदी लोक मसीहाची अजून वाट पाहत आहेत आणि ख्रिस्ती लोक म्हणतात कीं तो येऊन गेला. हा वाद जवळजवळ दोन हजार वर्षांचा आहे. आपल्या नांगराशीं, सुताराच्या रंध्याशीं, कोष्ट्याच्या मागाशीं त्याचा काय संबंध, असें कोणीहि विचारील. म्हणून मी आरंभ यरुशलेमापासून करीत नाहीं. आपल्याच कोंकणांतल्या तेलाच्या घाण्यापासून करतों.

ज्याला पूर्वीं कुलाबा जिल्हा म्हणत व आतां रायगड म्हणतात, तेथें अलिबागेच्या आसपास गांवोगांव घाणा चालविणारे कांहीं लोक होते. बोलणें मराठी, नेसणें मराठी, आडनांवें गांवावरून पडलेलीं. पण शनिवार आला कीं त्यांचा घाणा बंद. गिऱ्हाईक दारांतून परत गेलें तरी चालेल, पण त्या दिवशीं बैल जुंपायचा नाहीं. म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणूं लागले. ते स्वतःला बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलाचीं लेंकरें, म्हणवीत. खवल्यांवांचूनची मासळी ते खात नसत, मुलाची सुंता आठव्या दिवशीं करीत, आणि देव एकच आहे अशी हिब्रू भाषेंतली एक प्रार्थना बापाकडून मुलाकडे तोंडीं चालत आली होती. पोथी मात्र जवळ राहिली नव्हती. हे लोक यहुदी होत. आणि गंमत अशी कीं, ज्या शब्दावरून हा सारा वाद पेटला, तो शब्दहि तेलाचाच आहे!

‘मसीहा’ हा शब्द हिब्रू भाषेंतला. त्याचा अर्थ इतकाच कीं, ज्याला तेल लावलें आहे तो. जुन्या इस्राएल देशांत राजा गादीवर बसवितांना त्याच्या मस्तकावर जैतुनाचें तेल ओतीत. शमुवेल नांवाच्या संदेष्ट्यानें शौल राजाला असें तेल लावलें आणि पुढें दावीद नांवाच्या मेंढपाळाच्या पोरालाहि लावलें. मुख्य याजकालाहि तेल लावीत. म्हणजे त्या काळीं मसीहा कांहीं एकच नव्हता. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकांत तर इराणच्या कोरेश राजालाहि हें नांव दिलें आहे. आणि कोरेश कांहीं यहुदी नव्हता. ग्रीक भाषेंत ‘तेल लावलेला’ याला ‘ख्रिस्तोस’ म्हणतात. त्याचाच आपण ‘ख्रिस्त’ केला. तेव्हां ख्रिस्त हें येशूचें आडनांव नव्हे. ‘येशू ख्रिस्त’ असें म्हटलें कीं, ज्याची वाट पाहत होते तो तेल लावलेला राजा येशूच होय, असा दावा त्या दोन शब्दांतच झाला. यहुदी माणूस येशू म्हणेल, पण ख्रिस्त म्हणणार नाहीं. सारा तंटा त्या दुसऱ्या शब्दाचा आहे.

आतां यहुदी लोक वाट कोणाची पाहत होते तें ऐका. इसवी सनापूर्वीं ५८६ सालीं बाबेलच्या राजानें यरुशलेम घेतलें, देवालय जाळलें आणि लोक धरून नेले. घरदार, शेतीवाडी, देवाचें ठिकाण, सारें गेलें. अशा माणसाला कशाची आशा वाटेल? आपला राजा पुन्हां यावा, पांगलेले भाऊबंद एका ठिकाणीं यावे, देवालय उभें रहावें. संदेष्ट्यांनीं या आशेला आणखी मोठें केलें. ते म्हणाले कीं, त्या दिवसांत राष्ट्रें एकमेकांशीं लढणार नाहींत. लोहार तलवारी मोडून त्यांचे नांगराचे फाळ करतील. शेतकऱ्यानें व लोहारानें समजावी अशी ही भाषा आहे. पुढें रोमन लोकांचें राज्य आलें, त्यांच्या कराचा बोजा बसला, आणि ही आशा अधिकच तापली.

म्हणून यहुद्यांच्या मतें मसीहा हा दावीदाच्या कुळांतला माणूस. देव नव्हे, देवाचा अवतारहि नव्हे. त्याची परीक्षा त्याच्या कामावरून करायची. बाराव्या शतकांत मायमोनिदीस नांवाचा मोठा यहुदी पंडित होऊन गेला. त्यानें हा हिशेब अगदीं रोखठोक मांडला आहे. मसीहानें चमत्कार दाखविले पाहिजेत असें नाहीं. त्यानें लोकांना धर्मशास्त्राकडे वळवावें, देवालय बांधावें, पांगलेल्यांना गोळा करावें. हें झालें तर तो मसीहा. काम अर्धें टाकून तो मारला गेला, तर तो भला राजा असेल, पण मसीहा नव्हे.

हें माप यहुद्यांनीं फक्त येशूलाच लावलें असें समजूं नका. इ. स. १३२ सालीं बार कोखबा नांवाच्या वीरानें रोमन राज्याविरुद्ध बंड केलें. अकीबा नांवाच्या थोर धर्मगुरूनें त्याला मसीहा ठरविलें. १३५ सालीं बंड मोडलें, तो पडला, आणि यहुद्यांनीं तो दावा सोडून दिला. १६६५-६६ सालीं शब्बताई झवी नांवाच्या माणसामागें यहुदी मुलखामुलखांतून वेडे झाले. लोकांनीं घरदार विकून निघण्याची तयारी केली. तुर्की सुलतानानें त्याला धरलें, तेव्हां जीव वांचवण्यासाठीं तो मुसलमान झाला. मसीहा आला म्हणून नाचलेल्या लोकांना दुसऱ्या दिवशीं तोंड दाखवायला जागा राहिली नाहीं. दुधानें तोंड पोळलें कीं माणूस ताकहि फुंकून पितो. यहुद्यांची सावधगिरी ही अशी आहे.

आतां ख्रिस्ती घराचें म्हणणें त्यांच्याच तोंडून ऐकूं. दुसऱ्याचें मत त्याच्या वैऱ्याच्या तोंडून ऐकणें हा न्याय नव्हे.

येशू हा नासरेथ गांवच्या सुताराच्या घरांत वाढला. तो यहुदी, त्याची आई यहुदी, त्याचे पहिले शिष्यहि यहुदीच. पंतय पिलात हा रोमन सुभेदार असतांना त्याला क्रूसावर मारलें. शिष्यांची आशा तेथेंच संपायची. पण ते म्हणूं लागले कीं, तो तिसऱ्या दिवशीं उठला व आम्हीं त्याला पाहिलें. एकदां हा विश्वास बसल्यावर ते आपली जुनी पोथी नव्या डोळ्यांनीं वाचूं लागले. यशयाच्या ५३ व्या अध्यायांत देवाच्या एका सेवकाचें वर्णन आहे. तो तुच्छ मानला जातो, मार खातो, कापायला नेलेल्या कोंकरासारखा मुकाट राहतो, आणि दुसऱ्यांच्या पापाचें ओझें वाहतो. शिष्य म्हणाले, हा तर आमचा गुरु! म्हणजे मसीहानें आधीं सोसायचें होतें, राज्य नंतर. पहिल्या येण्यांत त्यानें पापाशीं लढाई केली. दुसऱ्या येण्यांत तो जगाचा न्याय करील, आणि तेव्हां तलवारींचे फाळ होतील. शिवाय तो नुसता माणूस नव्हे, देवाचा पुत्र होय.

यावर यहुदी उत्तर देतात कीं, बाबांनो, तो सेवक म्हणजे एक माणूस नव्हे. तें सारें इस्राएल राष्ट्र आहे. त्याच पुस्तकांत देव इस्राएलाला आपला सेवक म्हणून हांक मारतो, तें पहा. अकराव्या शतकांतल्या राशी नांवाच्या फ्रान्समधल्या पंडितानें हाच अर्थ लावला. पण खरें सांगायचें तर, यशयाच्या एका जुन्या यहुदी भाषांतरांत हा सेवक म्हणजे मसीहाच असेंहि म्हटलें आहे; मात्र तेथें सोसण्याचा भाग दुसऱ्यांकडे वळविला आहे. म्हणजे दोन्ही घरांत अर्थ लावण्याची खटपट चाललेली होती. अर्थ आपोआप पडला, असें कोणालाहि म्हणतां येत नाहीं.

एकाच शब्दावर केवढा डोंगर उभा राहतो, तें पहा. यशयाच्या सातव्या अध्यायांत आहाज राजाला एक खूण सांगितली आहे कीं, अमुक एका बाईला मुलगा होईल. तेथें हिब्रू शब्द ‘आल्मा’ आहे. त्याचा अर्थ तरुणी. येशूच्या आधीं दोनतीनशें वर्षें मिसर देशांतल्या यहुद्यांनीं आपली पोथी ग्रीक भाषेंत नेण्यास आरंभ केला होता. त्या भाषांतरांत या शब्दासाठीं ‘पार्थेनोस’ हा शब्द पडला. त्याचा सरळ अर्थ कुमारी. मत्तयानें आपलें शुभवर्तमान ग्रीक भाषेंत लिहितांना हाच शब्द घेतला, आणि कुमारीच्या पोटीं येशू जन्मला याला तो आधार झाला. यहुदी म्हणतात, मूळ शब्द तरुणी आहे, आणि खूण आहाज राजाच्या काळची आहे. ख्रिस्ती म्हणतात, कुमारी हा शब्द आम्हीं घातला नाहीं. येशूच्या जन्माआधीं तुमच्याच पूर्वजांनीं घातला. दोघांच्याहि बोलण्यांत जोर आहे. १९५२ सालीं अमेरिकेंत बायबलाचें एक नवें इंग्रजी भाषांतर निघालें व त्यांत ‘तरुणी’ असें छापलें, तर एका पाद्र्यानें तें पान लोकांसमोर जाळलें. भाषांतरकारहि ख्रिस्ती, जाळणाराहि ख्रिस्ती! मूळ भाषा ज्याला येत नाहीं, त्याला भाषांतर करणाऱ्याच्या हातीं मान द्यावी लागते.

तुम्ही म्हणाल, पोथी एकच आहे ना? तेंहि पुरतें खरें नाहीं. ख्रिस्ती लोक तिला ‘जुना करार’ म्हणतात. यहुदी तसें कधींच म्हणणार नाहींत. कारण जुना म्हटलें कीं नवा आला असें कबूल केल्यासारखें होतें. त्यांच्या मोजणींत पुस्तकें २४. प्रॉटेस्टंट लोक तींच वेगळीं मोजून ३९ करतात. कॅथलिकांकडे कांहीं अधिक धरून ४६ आहेत. मांडणीहि निराळी. यहुद्यांची पोथी जेथें संपते, तेथें कोरेश राजा म्हणतो कीं, ज्यांना यरुशलेमास परत जायचें आहे त्यांनीं जावें, देवालय बांधावें. म्हणजे शेवट घरच्या वाटेवर. ख्रिस्ती मांडणींत जुना करार मलाखी संदेष्ट्याजवळ संपतो, आणि मलाखी शेवटीं सांगतो कीं, तो मोठा दिवस येण्यापूर्वीं एलिया येईल. पान उलटलें कीं समोर मत्तय, आणि त्याच्या आरंभींच अब्राहामापासून दावीदामार्गें येशूपर्यंतची वंशावळ! धान्य तेंच, पण एकानें पेरणी एका वाफ्यांत संपविली, दुसऱ्यानें दुसऱ्या वाफ्यांत.

आतां ही पोथी आली कोठून? जुन्या वळणाच्या यहुद्यांचें मत असें कीं, तोरा म्हणजे पहिलीं पांच पुस्तकें देवानें सीनाय पर्वतावर मोशेला दिलीं, आणि त्यांबरोबर तोंडी समजूतहि दिली. ती तोंडी परंपरा इ. स. २०० च्या सुमारास मिश्ना या ग्रंथांत लिहिली गेली आणि पुढें तिच्यावर तालमुद झाला. त्यामुळें यहुदी माणूस नुसती पोथी कधीं वाचीत नाहीं. गुरूंची चर्चा जोडीला घेऊनच वाचतो. तोरा लिहिणारा कारागीर तुम्ही पाहिला तर मान डोलवाल. शुद्ध मानलेल्या जनावराच्या कातड्यावर तो पिसाच्या लेखणीनें तीन लाखांवर अक्षरें हातानें लिहितो. एक अक्षर गळलें तर तें नीट होईपर्यंत ती गुंडाळी वाचनाला चालत नाहीं.

ख्रिस्ती मताप्रमाणें पवित्र आत्म्यानें माणसांच्या हातून पोथी लिहविली. देवानें शेवटीं पुस्तक पाठविलें नाहीं, माणूस पाठविला. पुस्तक हें त्याची साक्ष. म्हणून एकाच येशूची हकीकत चार जणांच्या नांवांनीं चार तऱ्हांनीं सांगितलेली त्यांना खटकत नाहीं. येशू अरामी भाषा बोलत असे, पण तीं शुभवर्तमानें ग्रीक भाषेंत लिहिलेलीं आहेत. नव्या कराराच्या आज मानलेल्या २७ पुस्तकांची नेमकी यादी इ. स. ३६७ सालच्या अथानासियस या धर्माध्यक्षाच्या पत्रांत आढळते.

दोन्ही घरांत शंका काढणारे लोकहि होते. तोरेच्या शेवटीं मोशेच्या मरणाची हकीकत आहे. मेलेला माणूस आपलें मरण कसें लिहील? ही शंका नास्तिकानें काढलेली नव्हे. खुद्द तालमुदांत ती आहे. एक म्हणतो, शेवटचीं आठ वचनें यहोशवानें लिहिलीं. दुसरा म्हणतो, देव सांगत गेला आणि मोशे रडत लिहीत गेला. पुढें १६७० सालीं स्पिनोझानें व एकोणिसाव्या शतकांत जर्मन पंडितांनीं असें मांडलें कीं, तोरा एका हातची नसून वेगवेगळ्या काळच्या लिखाणांची गुंफण आहे. आज पुष्कळ यहुदी व ख्रिस्ती अभ्यासक हें कांहीं ना कांहीं रूपांत मानतात. जुन्या मताचे लोक मानीत नाहींत.

आणि मग एका गुराख्यानें पंडितांना गप्प बसविलें. १९४७ सालच्या सुमारास मृत समुद्राच्या कांठीं मेंढ्या राखणाऱ्या बेदुइन मंडळींना एका गुहेंत मातीच्या रांजणांत गुंडाळ्या सांपडल्या. त्यांत यशयाचें सबंध पुस्तक होतें, कातडें शिवून केलेलें, सुमारें २४ फूट लांब, येशूच्या जन्माआधीं शंभराहून अधिक वर्षांपूर्वींचें. तोंपर्यंत हातांत असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षां तें हजार वर्षांनीं जुनें. ताडून पाहिलें तर लेखनाचे बारीकसारीक फरक पुष्कळ, पण पुस्तक तेंच. आणि सातव्या अध्यायांत? तेथेंहि ‘आल्मा’च. नकलणाऱ्या कारागिरांनीं किती इमान राखलें होतें, त्याची ही पावती. पण शब्द सांपडला म्हणून वाद मिटला नाहीं. कारण शब्द गुहेंत मिळतो, अर्थ मिळत नाहीं.

बंधूंनो, अर्थावरून भांडण होणें वाईट नव्हे. एका घराच्या हातीं सत्ता येऊन दुसऱ्याचें तोंड बांधलें जाणें, हें वाईट. १२४० सालीं पॅरिसमध्यें तालमुदावर खटला भरला, आणि १२४२ सालीं त्याच्या हस्तलिखितांच्या गाड्याच्या गाड्या जाळल्या. छापखाना नव्हता, एकेक प्रत म्हणजे माणसाच्या आयुष्याची मजुरी. १२६३ सालीं बार्सिलोना शहरीं राजासमोर वाद झाला. एका बाजूला यहुद्याचा ख्रिस्ती झालेला पाब्लो, दुसऱ्या बाजूला नाखमानिदीस हा वृद्ध धर्मगुरु. मसीहा येऊन गेला असें पाब्लो म्हणूं लागला. नाखमानिदीस म्हणाला कीं, मसीहा आल्यावर तलवारींचे फाळ व्हायचे होते. पण येशूच्या काळापासून आजवर जग लुटालुटीनें व रक्तानें भरलें आहे. आणि महाराज, तुमच्या सरदारांनीं लढाई सोडली तर त्यांचें कसें होईल? हें भर दरबारांत! राजानें त्याला तीनशें दिनारांचें बक्षीस दिलें, असें त्यानें स्वतः लिहून ठेवलें आहे. पण वादाची हकीकत लिहिली म्हणून त्याच्यावर खटला झाला, आणि म्हातारपणीं देश सोडून तो पॅलेस्टाइनांत गेला. १४९२ सालीं तर स्पेनमधून यहुद्यांना सरसकट घालवून दिलें. ‘यांनीं आमच्या देवाला मारलें’ हा आरोप पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या कपाळीं चिकटविला होता. कॅथलिक धर्मसभेनें १९६५ सालीं जाहीर केलें कीं, ख्रिस्ताच्या मरणाचा दोष त्या वेळच्या सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर लादतां येत नाहीं. तोंवर युरोपांत साठ लाख यहुद्यांचा संहार होऊन गेला होता. तो नाझींनीं केला. पण शतकानुशतकें पेरलेल्या द्वेषानें जमीन आधींच भुसभुशीत झाली होती, हें पुष्कळ ख्रिस्ती विचारवंतांनीं स्वतःच कबूल केलें आहे.

आतां पुन्हां आपल्या कोंकणांत या. एकोणिसाव्या शतकांत मुंबईंत अमेरिकन व स्कॉच मिशनरी आले. त्यांनीं बेने इस्राएलांच्या मुलांना शाळांत घेतलें. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं हिब्रू भाषेचें व्याकरण मराठींत लिहिलें. मिशनऱ्यांचा हेतु उघड होता कीं, हे लोक आपली पोथी वाचतील, तर तींत त्यांना येशू दिसेल. पण झालें उलटें. घाणेकऱ्यांचीं पोरें हिब्रू शिकलीं, पोथी उघडली, आणि बहुतेक सगळे अधिक पक्के यहुदी झाले! वल्हांडणाच्या रात्रीं वाचायचें पुस्तक त्यांनीं १८७४ सालीं पुण्यांत मराठी अर्थासह छापलें. पुढें बायबलांतल्या गोष्टींवर मराठी कीर्तनें रचलीं. कोणीं किल्ली कोणत्या हेतूनें दिली, तें सोडा. किल्ली हातीं आली, कुलूप उघडलें, आणि घरांत काय आहे तें ज्याचें त्यानें पाहिलें. तसेंच दुसरें उदाहरण पंडिता रमाबाईंचें. ख्रिस्ती झाल्यावर त्या दुसऱ्याच्या भाषांतरावर थांबल्या नाहींत. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनीं सारें बायबल साध्या मराठींत आणलें. तें त्यांच्यामागें १९२४ सालीं पुरें छापून निघालें. एक यहुदी राहिले, एक ख्रिस्ती झाल्या. निकाल वेगळे, पण दोघांनींहि पोथी स्वतः उघडली. मला तुम्हांला सांगायचें आहे तें एवढेंच.

मसीहा आला कीं यायचा आहे, याचा निकाल देणारा मी कोण? तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण कोणी तुम्हांला म्हणेल कीं ग्रंथांत असें आहे, तर विचारा: कोणत्या भाषेंत? मूळ शब्द काय? दुसरें घर त्याचा अर्थ काय लावतें? आणि तें घर आपलें म्हणणें मोकळेपणानें मांडूं शकतें कीं नाहीं? हे चार प्रश्न विचारायला पंडित असावें लागत नाहीं. बाजारांत बैलाचे दांत पाहतां, तसेंच हें.

१९४८ नंतर बेने इस्राएल बहुतेक इस्राएल देशांत गेले. तरी मुंबई, ठाणें, पुणें, अलिबाग या बाजूंस त्यांचीं घरें अजून आहेत. अलिबागेजवळ खंडाळें गांवीं एका खडकावर एलिया संदेष्ट्याच्या रथाच्या खुणा आहेत, असें ते मानतात. मसीहाच्या आधीं यायचा तोच हा एलिया. त्याच्या नांवानें ते पोहे, गूळ किंवा साखर, खोबरें व फळें यांचा मलिदा करतात, प्रार्थना म्हणतात, आणि मलिदा सर्वांना वांटून देतात. जवळच्याच गांवांतून ख्रिस्ती मंडळी देवळांत जाऊन तो आला म्हणून गातात. एक वाट पाहतो, एक आलेल्याचें स्तवन करतो, आणि कोणी कोणाची पोथी जाळीत नाहीं. तलवारीचा फाळ जगांत केव्हां होईल तो होवो. शेजाऱ्यापुरता तो आपल्याला आजहि करतां येतो.